मुद्राक्षरांचा अभ्यास आणि मराठी वाचक

(चिपळूण येथे उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिपळूण शहराचे आणि ग्रंथांचे नाते फार जुने आहे. १८६४ साली येथे स्थापन झालेले ग्रंथालय आज लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर या नावाने ओळखले जाते. जानेवारी २०१३ मध्ये ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले, त्यामागे या वाचन मंदिराचे परिश्रम होते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने शहराची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा या वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेचीही मोठी हानी झाली.

पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांत अशा शहरातील माणसे काय काय वाचतात, याचा क्षणभर विचार करावा. नुकसानीच्या पंचनाम्याचा अर्ज, पाणी उकळून पिण्याची सूचना, औषधाच्या वेष्टनावरील प्रमाण, मदत केंद्राकडे नेणारी पाटी, बँकेचे पत्र. यांपैकी एकही मजकूर कोणी आवडीने वाचत नाही. तो वाचावाच लागतो. कोणाचा चष्मा पाण्यात गेलेला असतो, कोणाच्या घरी वीज नसते, कोणी घाईत असतो. अशा वेळी अक्षर स्पष्ट असणे ही शोभेची बाब राहत नाही. ‘१’ चा ‘९’ वाचला गेला, ‘घ’ चा ‘ध’ झाला, किंवा ओळी इतक्या दाटीने बसविल्या की उकार खालच्या मात्रेत मिसळला, तर त्याचा भुर्दंड वाचणाऱ्याला भरावा लागतो.

ग्राफिक डिझाइनच्या अभ्यासक्रमात ‘टायपोग्राफी’ या नावाने जो विषय शिकविला जातो, त्याचे मर्म येथेच आहे. मराठीत त्यास मुद्राक्षरविद्या म्हणता येईल. मजकूर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत बिनचूक आणि विनासायास पोहोचावा, अशा रीतीने अक्षरे घडविणे, निवडणे आणि मांडणे ही या विद्येची व्याप्ती होय. मराठी विद्यार्थ्याने हा अभ्यास कोठून सुरू करावा, त्याच्यासमोर कोणता वारसा आहे आणि त्याच्यावर कोणती जबाबदारी येते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

तीन वेगळ्या गोष्टी

अक्षरांशी संबंधित तीन कलांची प्रारंभी गल्लत होते. सुलेखन म्हणजे बोरूने किंवा कुंचल्याने एका दमात लिहिलेले सुंदर अक्षर. अक्षरांकन म्हणजे एखाद्या शीर्षकासाठी, नाटकाच्या जाहिरातीसाठी किंवा दुकानाच्या पाटीसाठी मुद्दाम रेखाटलेली अक्षरे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची आणि नियतकालिकांची शीर्षके ज्या हातोटीने रेखाटली, ती या दुसऱ्या कलेची उत्कृष्ट उदाहरणे होत. मुद्राक्षर ही तिसरी गोष्ट. येथे एक ‘क’ एकदाच घडविला जातो. परंतु तो हजारो शब्दांत, कोणत्याही अक्षराच्या शेजारी, लहानमोठ्या प्रत्येक आकारात तितक्याच सहजपणे बसावा लागतो. शीर्षकातील अक्षराला आपले शेजारी ठाऊक असतात. मुद्राक्षराला ते ठाऊक नसतात. त्यामुळे मुद्राक्षर घडविणाऱ्यास एका अक्षराच्या देखणेपणापेक्षा अक्षरांच्या परस्परसंबंधाचा अधिक विचार करावा लागतो.

या तिन्ही कलांचे मूळ मात्र हाताच्या लेखनात आहे. देवनागरीसाठी बोरूचे टोक रोमन लेखणीच्या उलट दिशेने तिरपे कापले जाते. म्हणून देवनागरीतील जाड आणि बारीक रेषांचा क्रम रोमन अक्षरांहून निराळा असतो. ज्याने बोरू हातात धरून बाराखडी घोटली नाही, त्याला संगणकाच्या पडद्यावर ‘ग’ चा दंड किती जाड असावा आणि ‘र’ चा तिरपा पाय कोठे निमुळता व्हावा, हे केवळ अंदाजाने ठरवावे लागते. शासनाच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत भूमितीबरोबर अक्षरलेखनाचाही समावेश आहे. शाळेत मिळालेले हे पाथेय पुढील अभ्यासात उपयोगी पडते, याची जाणीव विद्यार्थ्याने ठेवावी.

गावाच्या नावापासून आरंभ

मुद्राक्षरांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम परदेशी पुस्तके पडतात. त्यांतील सिद्धान्त मोलाचे असले, तरी ते रोमन लिपीच्या अनुभवातून निघालेले आहेत. रोमन अक्षरे तळाच्या रेषेवर उभी राहतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. रोमन शब्दात अक्षरे एकापुढे एक येतात; देवनागरीत वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, डावीकडे ऱ्हस्व वेलांटी आणि उजवीकडे काना असा चोहोबाजूंनी विस्तार होतो. म्हणून परदेशी पुस्तकातील नियम जसाच्या तसा मराठीला लावला, तर तो पुष्कळदा फसतो.

यावर एक साधा उपाय आहे. विद्यार्थ्याने पहिला धडा म्हणून आपल्या गावाचे नाव घ्यावे. ‘चिपळूण’ हा चारच अक्षरांचा शब्द. पण त्यात देवनागरीचे बहुतेक प्रश्न एकत्र आले आहेत. ‘चि’ मधील वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहते आणि तिची कमान ‘च’ च्या माथ्यावरून जाते. ही कमान कोठे संपावी? आखूड राहिली तर वेलांटी एकाकी वाटते. लांबली तर ती ‘प’ वर सावली टाकते. ‘प’ मध्ये पोकळी मोठी आहे, तर ‘ळ’ मध्ये दोन फेरे असल्याने तेथे शाई दाटते. तेव्हा ‘ळ’ किंचित रुंद करावा लागतो आणि त्याची रेषा थोडी हलकी ठेवावी लागते. त्या ‘ळ’ ला पुन्हा दीर्घ ऊकार जोडावयाचा आहे. तो थेट खाली घेतला तर ओळीची खोली वाढते. वर चढविला तर अक्षराला चिकटतो. शेवटचा ‘ण’ दंडयुक्त असून त्याचे डावे अंग मोकळे आहे. या चारही अक्षरांचा रंग, म्हणजे काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण, दुरून सारखे दिसले पाहिजे.

यानंतर ‘वाशिष्ठी’ हा शब्द घ्यावा. त्यात मराठी वळणाचा ‘श’ आहे आणि ‘ष्ठ’ हे जोडाक्षर आहे. ‘ठ’ हा ‘ष’ च्या खाली बसवावा की अर्ध्या ‘ष’ च्या पुढे ठेवावा, दोन्ही प्रकार छापील ग्रंथांत आढळतात. प्रत्येकाचे गुणदोष पडताळून पाहता येतात. ‘दापोली’ मध्ये मराठी वळणाचा ‘ल’ येतो. ‘रत्नागिरी’ मध्ये ‘त्न’ हे जोडाक्षर, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ वेलांटी यांची जुळणी साधावी लागते. ‘गुहागर’ मध्ये ‘ह’ चे वळण कस पाहते. एस. टी. च्या पाट्यांवर नित्य दिसणारी ही नावे म्हणजे देवनागरीची एक उत्तम पाठमालाच होय, आणि तिला कोणतेही शुल्क पडत नाही.

मुद्रणाचा वारसा

वर्तमान प्रश्न समजण्यासाठी त्यांचा इतिहास जाणून घेणे आवश्यक ठरते. भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्यात आले. परंतु फादर स्टीफन्स यांचे मराठीतील ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, ते रोमन लिपीत. कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. मराठी भाषेला आपल्या लिपीतून छापील रूप मिळण्यास त्यानंतर जवळजवळ दोन शतके वाट पाहावी लागली. १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले. तेथील देवनागरी खिळ्यांच्या घडणीत पंचानन कर्मकार या कुशल कारागिराचा मोठा वाटा होता. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी टाइप अधिक सुबक आणि लहान करण्याचे काम केले.

या वारशात कोकणाचा भाग लहान नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर हे कोकणातील पोंभुर्ले गावचे. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक वृत्तपत्र चालविताना देवनागरी खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल, या प्रश्नाकडे वळले होते. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना विनायक दामोदर सावरकर यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालविली आणि ‘अ’ च्या बाराखडीचा पुरस्कार केला. या सर्वांचे विचार भिन्न असतील. परंतु छापणाऱ्याची अडचण हा भाषेचाच प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते.

ती अडचण काय होती? इंग्रजी छपाईत अक्षरे थोडी आणि सुटी. देवनागरीत व्यंजने, त्यांची अर्धी रूपे, जोडाक्षरे, मात्रा आणि त्यांचे संयोग धरले, तर जुळाऱ्यापुढे कित्येकशे खिळ्यांच्या केसी मांडाव्या लागत. एका पद्धतीत मात्रेसह संपूर्ण अक्षर एकाच खिळ्यावर ओतले जाई. त्यास अखंड टाइप म्हणत. दुसऱ्या पद्धतीत मात्रा आणि उकार वेगळ्या खिळ्यांवर घेऊन ते अक्षराच्या वर-खाली बसविले जात. ती डिग्री पद्धत. पहिलीत खिळे अधिक लागत, दुसरीत जुळणीचे श्रम अधिक पडत.

या क्षेत्रात जावजी दादाजी यांचे नाव आदराने घेतले जाते. बालवयात छापखान्यात कामास लागलेल्या या माणसाने पुढे स्वतःचा टाइप कारखाना आणि निर्णयसागर छापखाना उभा केला. चिपळुणात ग्रंथालयाची स्थापना झाली, त्याच दशकातील ही घटना होय. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराने पोलादी ठशावर उलटे अक्षर कोरावे, तो ठसा तांब्यावर मारून मातृका तयार करावी आणि त्या मातृकेत शिसे, कथील व अँटिमनी यांचा रस ओतून खिळा पाडावा, अशी ती प्रक्रिया होती. अक्षराच्या पोटातील पोकळी केसाएवढी चुकली, तरी छापील पानावर तो दोष हजार वेळा उमटे. निर्णयसागरच्या टाइपाने मराठी आणि संस्कृत ग्रंथांना जे रूप दिले, ते अनेक पिढ्यांच्या वाचकांच्या नजरेत बसले.

हा सर्व प्रवास शास्त्रीय पद्धतीने नोंदविण्याचे श्रेय बापूराव नाईक यांच्याकडे जाते. त्यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रकाशित केला. ल. श्री. वाकणकर यांनी लिपींच्या उगमापासून मुद्राक्षरांपर्यंत केलेला अभ्यासही विद्यार्थ्याने अवश्य पाहावा.

खिळा गेला, प्रश्न राहिले

धातूचे खिळे गेले आणि संगणक आला. केसीतील कित्येकशे घरे नाहीशी झाली. देवनागरीचे प्रश्न मात्र नाहीसे झाले नाहीत; त्यांनी रूप बदलले. आरंभी प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळ्या सांकेतिक व्यवस्थेवर चालत असे. एका संगणकावर टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला, की तेथे अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. अनेक कार्यालयांचे आणि प्रकाशकांचे जुने मजकूर अशा रीतीने अडकून पडले. युनिकोड या जागतिक व्यवस्थेची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तीत प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक मिळाला. त्यामुळे ‘क’ कोठेही गेला तरी ‘क’ च राहतो.

येथे विद्यार्थ्याने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. संगणक ‘कि’ साठवितो तो उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे आधी ‘क’ आणि मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी आधी दाखविण्याचे काम फॉन्टमध्ये लिहिलेले नियम आणि संगणकाची प्रणाली मिळून करतात. ‘त’ आणि ‘न’ यांचे ‘त्न’ कधी करावे, रफार कोणत्या अक्षराच्या माथ्यावर न्यावा, उकार ‘र’ च्या पोटात कसा बसवावा, हे सारे रेखाटनाइतक्याच काळजीने ठरवावे लागते. पूर्वी जे ज्ञान जुळाऱ्याच्या बोटांत होते, ते आता फॉन्टच्या नियमांत उतरवावे लागते. म्हणून आजच्या मुद्राक्षरकाराला चित्रकाराचा हात, व्याकरणकाराची दृष्टी आणि तंत्रज्ञाची शिस्त या तिन्हींची गरज आहे.

अशा तिहेरी साधनेचे उदाहरण म्हणून र. कृ. जोशी यांच्याकडे पाहता येते. कवी, सुलेखनकार आणि शिक्षक असलेल्या जोशींनी जाहिरात क्षेत्रात काम केले, पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले आणि भारतीय लिपींच्या संगणकीय रूपासाठी परिश्रम घेतले. विंडोज प्रणालीबरोबर कार्यालयाकार्यालयांत पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांच्याच अभ्यासाचे फळ होय. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. बोरूपासून संगणकापर्यंतचे अंतर एका आयुष्यात कापता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

दर्या आणि दऱ्या

मराठी विद्यार्थ्याने देवनागरीतही मराठीचे म्हणून जे विशेष आहेत, त्यांकडे अधिक लक्ष द्यावे. देवनागरी ही हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी अशा अनेक भाषांची लिपी आहे. परंतु प्रत्येक भाषेच्या वाचकाची नजर वेगळ्या वळणांना सरावलेली असते. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून निराळे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये देवनागरी लिपी आणि वर्णमाला यांबाबत निर्णय काढून मराठीसाठी प्रमाण रूपे निश्चित केली, त्यामागे हीच दृष्टी होती.

याहून महत्त्वाचे उदाहरण अर्ध्या ‘र’ चे आहे. चिपळूणच्या पश्चिमेस काही कोसांवर दर्या आहे आणि पूर्वेस सह्याद्रीच्या दऱ्या आहेत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन शब्दांतील भेद एका लहानशा खुणेवर अवलंबून आहे. पहिल्यात ‘य’ वर रफार येतो, दुसऱ्यात ‘य’ च्या आधी पापणीसारखी आडवी खूण येते. ‘आचार्यांना’ आमंत्रण द्यावयाचे आणि ते ‘आचाऱ्यांना’ जावयाचे, अशी फसगत या खुणेच्या अभावी होऊ शकते. ज्या फॉन्टच्या कर्त्याला मराठीची ही गरज ठाऊक नाही, त्याच्या फॉन्टमध्ये ही खूण एक तर नसते, किंवा असली तरी बेढब असते. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच. ‘ॲप’, ‘ॲसिड’ असे शब्द नित्याच्या व्यवहारात असूनही युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये.

कॅनडातील एका संस्थेने अलीकडे देवनागरीचा एक फॉन्ट तयार करताना हिंदी, मराठी आणि संस्कृत यांसाठी त्याच्या वेगळ्या आवृत्त्या काढल्या. मराठीची वेगळी गरज परदेशातही ओळखली जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. त्याचबरोबर ती विचार करावयास लावणारीही आहे. मराठीची अक्षरे कशी असावीत, याचा निर्णय करण्यास मराठी वाचनात वाढलेले डोळे पुढे आले नाहीत, तर तो निर्णय इतरांना करावा लागेल. आणि त्यांनी तो कितीही प्रामाणिकपणे केला, तरी ‘दऱ्या’ वाचताना मनात येणारा सह्याद्री त्यांच्या अनुभवाचा नसेल.

वाचकाची कसोटी

मुद्राक्षरांचे अंतिम परीक्षण वाचकच करतो. लिपिसुधारणेचा इतिहास याची साक्ष देतो. १९५३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे नेण्याची सूचना मान्य झाली. यंत्राच्या दृष्टीने ती सोयीची होती. परंतु लोकांच्या डोळ्यांना ती रुचली नाही आणि १९५७ मध्ये पूर्वीचेच रूप कायम ठेवण्यात आले. उलट ‘ख’ चे दोन भाग तळाशी जोडण्याची सुधारणा सर्वत्र रुळली. कारण पूर्वीच्या रूपात ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांत घोटाळा होण्याचा संभव होता, तो तिच्यामुळे टळला. जी सुधारणा वाचकाची अडचण दूर करते, ती टिकते. जी केवळ यंत्राची सोय पाहते, ती सहसा टिकत नाही.

ही कसोटी विद्यार्थ्याला शिकत असतानाच लावता येते. एक परिच्छेद निरनिराळ्या फॉन्टमध्ये छापून घ्यावा आणि घरातील वडीलधाऱ्यांना वाचावयास द्यावा. ते कोठे अडखळतात, कोणता शब्द पुन्हा वाचतात, याची टिपणे ठेवावीत. घ-ध, भ-म, ब-व, ष-प या जोड्या लहान आकारात छापून पाहाव्यात. पाटीवरील शब्द किती अंतरावरून ओळखू येतो, ते पावले मोजून पाहावे. पावसाळी संध्याकाळी, अपुऱ्या उजेडात पुन्हा तेच करावे. कोकणातील पावसाइतकी कठोर प्रयोगशाळा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

ओळींच्या मांडणीतही हाच विवेक हवा. देवनागरीत वर मात्रांना आणि खाली उकारांना जागा सोडावी लागते. त्यामुळे त्याच मापाचे देवनागरी अक्षर रोमन अक्षरापेक्षा पुष्कळदा लहान दिसते. इंग्रजी मजकुरासाठी ठरविलेले माप आणि ओळींतील अंतर मराठी अनुवादाला तसेच लावले, की मजकूर बारीक आणि दाट होतो. द्विभाषिक अर्जात मराठी भाग वाचण्यास कठीण वाटतो, त्याचे कारण पुष्कळदा भाषेत नसून या मापात असते. मराठी अक्षर एक-दोन पॉइंटांनी मोठे घेणे आणि ओळींत अधिक मोकळीक ठेवणे, एवढ्यानेही अर्जाचे रूप पालटते. अक्षराला खोटी जाडी देणे, त्यास ताणून रुंद करणे, शिरोरेषा तुटेल इतके अक्षरांत अंतर सोडणे, हे दोष फ्लेक्सच्या फलकांवर सर्रास दिसतात. ते टाळण्यास खर्च पडत नाही, अभ्यास मात्र लागतो.

शिक्षणाच्या सोयी आणि कामाची क्षेत्रे

महाराष्ट्रात या विषयाच्या शिक्षणाची परंपरा मोठी आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची स्थापना १८५७ ची. तेथे १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि त्यातून पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली. २०२३ मध्ये ज. जी. समूहातील कलासंस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ पासून कार्यरत आहे. चिपळूण तालुक्यातच सावर्डे येथे सह्याद्री शिक्षण संस्थेने कलाशिक्षणाची सोय केली आहे. ग्रामीण भागातील मुलाने कलेच्या शिक्षणाचा विचार करावा, यासाठी असे केंद्र घराजवळ असणे ही मोठी अनुकूलता होय.

कामाची क्षेत्रेही विस्तारत आहेत. मुंबईतील ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’, ‘बालू’ यांसारखे फॉन्ट खुल्या परवान्याने उपलब्ध करून दिले आहेत. राज्य मराठी विकास संस्थेच्या वतीने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ हे फॉन्ट तयार झाले आहेत. २०२२ च्या कायदादुरुस्तीने राज्यातील सर्व दुकाने आणि आस्थापना यांच्या पाट्या मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक झाले. इतर लिपीतील अक्षरांपेक्षा मराठी अक्षरे लहान असू नयेत, असेही त्यात नमूद आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कायदा अक्षराचे माप ठरवू शकतो आणि निर्णय भाषेचा गौरव करू शकतो. पाटीवरील अक्षर वाचनीय करणे हे मात्र शिकलेल्या हातांचेच काम आहे.

पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे, बँकांचे अर्ज, औषधांची वेष्टने, रेल्वे आणि एस. टी. च्या पाट्या, दूरध्वनीचे पडदे, आपत्तीच्या सूचना या प्रत्येक ठिकाणी मुद्राक्षरांची योग्य निवड करणारा माणूस हवा आहे. नवशिक्षित प्रौढांसाठी, दृष्टी मंदावलेल्या वृद्धांसाठी आणि प्रथमच अक्षर ओळखणाऱ्या बालकांसाठी देवनागरीची कोणती रूपे अधिक सुलभ ठरतील, याच्या संशोधनालाही विस्तृत वाव आहे.

समारोप

मित्रहो, चांगल्या मुद्राक्षराच्या कर्त्याचे नाव वाचकाला बहुधा ठाऊक नसते. निर्णयसागरची पोथी वाचणाऱ्या किती जणांना राणोजी आरूंचे नाव माहीत होते? तरीही त्यांच्या हातून कोरलेल्या अक्षरांनी शेकडो ग्रंथ लोकांपर्यंत नेले. या विद्येत प्रसिद्धी थोडी आणि उपयोग मोठा आहे, हे पत्करूनच विद्यार्थ्याने तिच्याकडे वळावे.

त्यासाठी साधने जवळच आहेत. वाचन मंदिरात जाऊन जुन्या छापाची पुस्तके भिंगातून पाहावीत. बाजारपेठेतील रंगाने हाती लिहिलेल्या ज्या पाट्या अद्याप शिल्लक आहेत, त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. एखाद्या जुन्या छापखान्यात खिळ्यांची केस पडून असेल, तर ती मोडीत जाण्यापूर्वी तेथील वृद्ध जुळाऱ्याकडून तिची घरे समजून घ्यावीत. आणि रोज एक शब्द बोरूने लिहावा. तो ‘चिपळूण’ असला तरी चालेल.

उद्या पुन्हा कधी पावसाळ्यात वाशिष्ठीचे पाणी चढू लागेल आणि नाक्यावर सूचनेचा फलक लागेल. भिजलेल्या चष्म्यातून, मावळत्या उजेडात, तो फलक वाचणारी आजी एका नजरेत योग्य रस्ता धरील, अशी अक्षरे ज्याने घडविली असतील, त्या विद्यार्थ्याचे शिक्षण सार्थकी लागले असे म्हणता येईल.